तिकडं काम आहे म्हणतात

घाटघरमध्ये भाताची झोडणी उरकली की ओट्याओट्यावर एकच बोलणं सुरू होतं : यंदा कुणीकडं? कुणी म्हणतं, नारायणगावला कांदालागण जोरात आहे. कुणी म्हणतं, ओतूरच्या अंगाला रोज चांगला देतात. कुणाच्या मेहुण्यानं आळेफाट्याकडून निरोप धाडलेला असतो. या बोलण्यात ‘म्हणतात’ हा शब्द वाक्यागणिक येतो. पाहिलंय असं सांगणारं माणूस क्वचित भेटतं. तरीही दोन दिवसांत निर्णय होतो, दाराला कडी लागते, आणि पोरंबाळं, हंडे, गोधड्या, थोडे तांदूळ घेऊन कुटुंब जुन्नरच्या गाडीत बसतं.

मी याच गावची. जुन्नरहून पश्चिमेला, चावंडच्या पुढं, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी रस्ता जिथं संपत येतो तिथं आमचं घाटघर आहे. भंडारदऱ्याजवळ अकोले तालुक्यातही एक घाटघर आहे, ते वेगळं. आमच्या गावापुढं नाणेघाट आणि कड्याखाली ठाणे जिल्ह्यातलं वैशाखरे. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. माझे आईवडील वर्षानुवर्षं बागायतीत मजुरीला गेले. त्यांच्या मजुरीवर आणि आश्रमशाळेच्या आधारावर मी शिकले. आता तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. माणसं गाव का सोडतात, याचं उत्तर पुस्तकात सापडतं. पण जिथं जायचं तिथलं फारसं काही ठाऊक नसताना ती कशी ठरवतात, हे मी आमच्या ओट्यावर ऐकलं आहे. त्याबद्दल लिहायला हवं असं मला फार दिवस वाटत होतं.

पाणी गेलं त्या वाटेनं

आमच्याकडं पावसाळ्यात पाऊस एवढा की खाचरांतून पाणी दिवसरात्र वाहतं, आणि एप्रिलमध्ये बायका हंडा घेऊन झऱ्यापाशी रांगेत बसतात. पिकं म्हणजे भात, नाचणी, वरई. जमीन उताराची, तुकड्यातुकड्यांची. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून थोडी रोकड मिळते. तीही निसर्गाच्या हातात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा हिरड्याची झाडंच मोडली, आणि जुन्नर-आंबेगावच्या आदिवासींना भरपाईसाठी पुढं आंदोलनं करावी लागली. दिवाळीनंतर कोरडवाहू उतारावर काम उरत नाही.

पाणी मात्र खाली जातं. कुकडी आमच्याच डोंगरात उगम पावते. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातलं डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाचं पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोचतं. त्या पाण्यावर कांदा, टोमॅटो, ऊस, द्राक्षं उभी राहतात. या पिकांना हात लागतात, आणि ते हात पश्चिमेच्या कोरड्या वाड्यांमधून येतात. म्हणजे कामाची दिशा आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असते. ठाऊक नसतो तो तपशील, आणि हंगामाचं बरंवाईट सगळं त्या तपशिलावर ठरतं.

पुणे-नाशिक महामार्गावरचं नारायणगाव हे या मजुरीचं मोठं ठिकाण. जुन्नरचा पश्चिम पट्टा, अकोले, मुरबाड अशा भागांतून माणसं येतात आणि रस्त्याच्या कडेला, मोकळ्या जागेत थांबतात. शेतकरी दुचाकीवर किंवा पिकअप घेऊन येतो. किती माणसं, काय काम, रोजावर की उक्तं, एवढं बोलणं होतं. सौदा उभ्याउभ्याच होतो. गाडीत बसेपर्यंत गावाचं नावही पुष्कळांना कळलेलं नसतं.

माझी आई काय काय विचारायची ते मला पाठ आहे. पाणी विहिरीचं का टाकीचं? झोपायला पत्र्याची खोली आहे का उघडं वावर? बायामाणसांना आडोसा आहे का? बांधावरचं सरपण घेऊ देतात का? पैसे रोजच्या रोज का निघताना? आजारी पडलं तर दवाखान्यात नेणार का? काम संपल्यावर गाडीनं सोडणार का फाट्यावर उतरवणार? रोज किती हा प्रश्न ती शेवटी विचारायची. कारण चार पैसे जास्त देणाऱ्याच्या वावरात पाणी लांब असलं, की रोजचे दोन तास हंड्यात जातात आणि पोराला ताप आला की दोघांचा खाडा होतो. तिच्या हिशेबात मजुरी म्हणजे या सगळ्याची बेरीज होती. पण सौद्याच्या वेळी उत्तर मिळायचं ते फक्त एका आकड्याचं. बाकीचं तिथं गेल्यावर कळायचं, आणि तोवर परतीचं भाडं खर्चून बसलेलं असायचं.

बातमी कुणाच्या तोंडून येते

जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली स्थलांतराचं एक प्रसिद्ध प्रतिमान मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : माणूस तिकडच्या मजुरीचा नुसता आकडा बघत नाही. ते काम आपल्याला मिळण्याची शक्यता किती, हेही धरून तो अंदाज बांधतो, आणि तो अंदाज इथल्या कमाईपेक्षा मोठा वाटला तर निघतो. मी हे दरवर्षी मुलांना शिकवते. शिकवताना दरवेळी जाणवतं की यातला सगळ्यात अवघड शब्द ‘अंदाज’ हाच आहे. अंदाजाला आधार लागतो. आमच्याकडं तो तीन ठिकाणांहून मिळतो : मुकादमाकडून, आधी जाऊन आलेल्यांकडून, आणि अफवेतून.

मुकादमाला माणसं न्यायची असतात. तो खोटं बोलेलच असं नाही, पण अडचणीचं तो आपणहून सांगणार नाही. जाऊन आलेल्या माणसाचं काय, हे मात्र मला घरातच कळलं. एका वर्षी आईवडील कालव्याच्या पार लांबच्या टोकाला कांदालागणीला गेले. चांगलं पंधरवडाभर काम आहे असं सांगितलं होतं. चार-पाच दिवसांत रोप संपलं. दुसरं रोप येतंय, थांबा, असं मालक म्हणाला. थांबलेल्या दिवसांचा रोज मिळाला नाही, आणि मिळवलेलं बसून खाण्यात गेलं. घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, “काम कसं होतं गं?” आई म्हणाली, “बरं होतं.” नेणारा माणूस नात्यातला होता. त्याच्याविषयी वाईट बोललं तर नातं दुखावणार. शिवाय फसलो म्हणून सांगण्याची लाज. पुढच्या हंगामात ती शेजारीण त्याच माणसाबरोबर गेली.

याची उलट बाजूही आहे. चांगली कमाई झाली तरी माणसं ती झाकतात. सांगितलं की उसनं मागायला चार जण येतात. प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवरून न्यूझीलंडला जाणाऱ्यांचा अभ्यास डेव्हिड मॅकेन्झी, जॉन गिब्सन आणि स्टीव्हन स्टिलमन यांनी केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जाणाऱ्यांनी तिकडच्या कमाईचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी धरलेला आढळला. अभ्यासकांनी सुचवलेलं एक कारण असं की आधी गेलेले नातेवाईक मागण्या आटोक्यात राहाव्यात म्हणून आपली कमाई कमी सांगतात. हे वाचताना मला टोंगा मुळीच परकं वाटलं नाही. बातमी माणसाच्या तोंडून येते, आणि त्या माणसाला गावात राहायचं असतं, नाती सांभाळायची असतात. त्यामुळं ती वाटेतच बदलते.

न जाण्याचाही निर्णय चुकतो

स्थलांतरावर बोलताना आपण सहसा फसून गेलेल्यांविषयी बोलतो. भीतीपोटी न गेलेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती घडताना दिसत नाही.

माझ्या चुलत्यांना तरुणपणी मुंबईत बांधकामावर जायची संधी आली होती. त्याच सुमारास शेजारच्या वाडीतला एक मुलगा परांचीवरून पडून गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या आळीतून मुंबईला बांधकामावर कुणीच गेलं नाही. तो मृत्यू खरा होता आणि भीतीही खरी होती. पण तिकडं सुखरूप काम करून आलेल्यांची संख्या कुणी सांगत नव्हतं. वाईट बातमी एकटीच घाट चढून आली होती. चुलते डोंगरातच राहिले, आणि ती खंत त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली.

महेश्वर श्रेष्ठ या नेपाळी अर्थशास्त्रज्ञानं मलेशिया आणि आखाती देशांत निघालेल्या नेपाळी तरुणांना दोन प्रश्न विचारले : तिकडं किती मिळेल, आणि तिकडं मरण्याचा धोका किती? पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी दोन्ही आकडे वास्तवापेक्षा जास्त सांगितले. कमाई फुगवलेली आणि धोका त्याहून फुगवलेला. मुकादमाची गोष्ट आशा वाढवते, अपघाताची गोष्ट भय वाढवते, आणि मधलं रोजचं साधं सत्य कुणाच्या तोंडी नसतं. म्हणून अपुऱ्या माहितीमुळं माणसं जास्त जातात की कमी, याचं एकच उत्तर नाही. जायला नको होतं ती जातात आणि जायला हवं होतं ती राहतात, असं दोन्ही घडतं.

डबेवाल्यांकडं जे होतं

खरी माहिती गावापर्यंत कशी पोचू शकते, याचं एक मोठं उत्तर आमच्याच सह्याद्रीच्या कुशीत सापडतं. मुंबईचे डबेवाले प्रामुख्यानं मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली मुंबईत डबे पोचवण्याचं हे काम संघटित केलं असं मानलं जातं. सव्वाशेहून अधिक वर्षं या खेड्यांतली मुलं मुंबईला जात आली. जाताना ती अंधारात उडी घेत नव्हती. गावचाच कुणीतरी आधी तिथं होता. राहायचं कुठं, जेवायचं कुठं, पहाटे कोणती गाडी पकडायची, पहिल्या महिन्यात हातात काय पडेल, हे गावातच कळायचं. सांगणाऱ्यालाही जबाबदारीनं बोलावं लागायचं. मुलगा त्याच्याच गटात येणार, त्याच्याच ताटाशेजारी जेवणार, आणि जत्रेला दोघं त्याच देवळासमोर उभे राहणार. अशा ठिकाणी खोटी माहिती देणं परवडत नाही.

आमच्या वाड्यांवरून बागायतीत जाणाऱ्यांना असा आधार मिळाला नाही. त्यांचं काम आठ-पंधरा दिवसांचं, आज एका शिवारात तर उद्या दुसऱ्या. तिथं कुणाचा पाय रोवला जात नाही, त्यामुळं मागून येणाऱ्याला सांगायला कुणी कायमचं उभं नसतं. एका कुटुंबानं कष्टानं मिळवलेली माहिती त्या कुटुंबापाशीच संपते. अलीकडं मोबाईलमुळं थोडा फरक पडला आहे. ज्या मालकाकडं बरं गेलं त्याचा नंबर बायका जपून ठेवतात आणि पुढच्या हंगामात थेट त्यालाच फोन लावतात. त्यांना रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागत नाही. पण हा नंबर ज्यांच्याकडं नाही, त्यांचा हंगाम अजून नशिबावर सुरू होतो.

नुसतं सांगून भागत नाही

माहिती कमी पडते, तर माहिती द्या, संपलं, असं वाटणं साहजिक आहे. बांगलादेशातला एक प्रयोग सांगतो की एवढ्यानं होत नाही. उत्तरेकडच्या रंगपूर भागात भाताच्या कापणीआधीचे दोन-तीन महिने उपासमारीचे असतात. त्याला तिथं ‘मोंगा’ म्हणतात. शहरांत काम असूनही पुष्कळ कुटुंबांतून कुणीच जात नसे. २००८ साली घराद ब्रायन, श्यामल चौधुरी आणि मुश्फिक मोबारक यांनी काही गावांत लोकांना कुठं काय काम मिळतं, किती मजुरी आहे, एवढीच माहिती दिली. काही गावांत त्याबरोबर प्रवासखर्चापुरते सुमारे ६०० टाका दिले, कुठं मदत म्हणून तर कुठं कर्ज म्हणून. नुसती माहिती मिळालेल्या गावांत जाणाऱ्यांची संख्या जवळपास वाढलीच नाही. पैसे मिळालेल्या गावांत दर शंभरातली आणखी २२ कुटुंबं कुणाला तरी कामाला पाठवू लागली, आणि त्यांच्या घरी खाण्यापिण्याची स्थिती स्पष्ट सुधारली. पुढच्या वर्षी पैसे न देताही त्यांतली बरीच पुन्हा गेली.

याचा अर्थ मला असा लागतो. तिकडं काम आहे, हे रंगपूरच्या शेतमजुराला ऐकून माहीत होतं. ते ‘आपल्याला’ मिळेल का, हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते कळायला स्वतः जाण्याखेरीज मार्ग नव्हता. जाऊन रिकाम्या हातानं परतलो तर घरात दाणा उरणार नाही, या भीतीपुढं माहिती हरत होती. ६०० टाक्यांनी पहिल्या अपयशाचा भार उचलला. पुढं मोठ्या प्रमाणावर राबवताना मात्र या कार्यक्रमाला तसंच यश मिळालं नाही, आणि चालवणाऱ्या संस्थेनं तो २०१९ साली थांबवला. म्हणजे हेही उत्तर जसंच्या तसं उचलून आणण्यासारखं नाही. पण मूळ धडा खरा आहे : गरिबाला माहितीबरोबर ती पडताळून पाहण्याची ऐपत लागते.

ही ऐपत आपल्याकडं कोण पुरवतं, हे पाहिलं की काळजात धस्स होतं. ती ‘उचल’ पुरवते. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, उसाच्या फडात जाणाऱ्या कुटुंबाला हंगामाआधी रोख रक्कम मिळते आणि पावसाळ्यातली उपासमार टळते. पण त्या रकमेबरोबर माघारी फिरण्याचा हक्क जातो. भट्टीवर गेल्यावर काम सांगितल्यापेक्षा वेगळं निघालं तरी उचल फिटेपर्यंत निघता येत नाही. रायगड-ठाण्यातल्या कातकरी कुटुंबांनी हे पिढ्यानपिढ्या सोसलं आहे. वेठबिगारीला बंदी घालणारा कायदा १९७६ साली झाला. अजूनही हिशेब मालकाच्या वहीत आणि अंगठा मजुराचा, अशा जागा शिल्लक आहेत. आधी माहिती नाही आणि नंतर सुटका नाही, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येतात तेव्हा त्याला स्थलांतराचा ‘निर्णय’ म्हणणं मला जड जातं.

काय करता येईल

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचा भाव आज क्रेटला किती निघाला, हे तासाभरात शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतं. कारण भाव कळला नाही तर शेतकरी नाडला जातो, हे आपण समाज म्हणून मान्य केलं आणि त्यासाठी बाजार समित्या उभ्या केल्या. तोच टोमॅटो तोडणाऱ्या बाईचा रोज आज कुठल्या शिवारात किती आहे, हे कळण्याची सोय कुठंच नाही. ती व्हायला हवी. मजूर जिथं थांबतात तिथं एक फलक, पिण्याचं पाणी, शौचालय आणि सावली. फलकावर सरकारनं शेतीकामासाठी जाहीर केलेलं किमान वेतन, त्या आठवड्यात चालू असलेला रोज, उक्त्या कामाचा एकरी दर आणि मदतीचा एक फोन नंबर. खर्च थोडा आहे, परिणाम मोठा होईल. भाव उघड झाला की सौदा उभ्याउभ्या झाला तरी एकतर्फी होत नाही.

दुसरं काम गावाकडचं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली आदिवासी गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि १९९६ च्या पेसा कायद्यानं तिथल्या ग्रामसभेला मोठा मान दिला आहे. आमच्या ग्रामसभांनी एक वही ठेवावी. कोण कुठं गेलं, कुणाच्या शिवारात, काय ठरलं होतं आणि काय मिळालं. परत आल्यावर बायकांनी बसून हे सांगावं. एकटीनं सांगायला लाज वाटते, नातं आडवं येतं. दहाजणींनी मिळून सांगितलं की ती गावाची माहिती होते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला, पण घाटघरहून श्रीगोंद्याला जाणारी बाई राज्याची हद्द ओलांडत नाही. त्या कायद्याच्या खात्यात तिची नोंद कधीच झाली नाही. मग निदान तिच्या गावाच्या वहीत तरी ती असावी.

तिसरं, माहिती फक्त मजुरीची नको. रेशनकार्ड गावाकडं असलं तरी आधारवर दुसऱ्या ठिकाणच्या रास्त भाव दुकानात धान्य घेता येतं. ही सोय ठाऊक नसल्यानं कितीतरी कुटुंबं घरून तांदूळ वाहून नेतात आणि ते संपले की बाजारभावानं घेतात. मुलांची शाळा, हंगामी वसतिगृह, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडीतला आहार यांचा पत्ता गाडीत बसण्याआधी कळायला हवा.

आणि गावात राहण्याच्या वाटेचीही माहिती हवी. आमच्याकडं पडकईची जुनी रीत आहे. सगळ्यांनी मिळून उतारावर बांध घालायचे आणि भातखाचरं तयार करायची. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं डिंभे परिसरात या पडकईला बळ दिलं, धरणग्रस्तांची मच्छीमार संस्था उभी करायला हात दिला, आणि २०१२ साली त्या कामाला इक्वेटर पुरस्कार मिळाला. जिथं अशी खाचरं झाली तिथं बांध घालण्याचं काम गावातच मिळालं आणि पुढं भातही पिकला. गावात राहून काय मिळू शकतं, हेही ज्याला माहीत आहे, त्याचंच जाणं खुशीचं जाणं म्हणता येईल.

स्थलांतर थांबवा, असं मी म्हणणार नाही. माझ्या आईवडिलांच्या स्थलांतरानंच मला वर्गात उभं केलं. बागायतदारही शत्रू नाही. त्यालाही वेळेवर, खात्रीचे हात हवे असतात, आणि नीट वागवणाऱ्या मालकाकडं माणसं वर्षानुवर्षं जातात, हे मी पाहिलं आहे. मागणं एवढंच आहे की रोज किती, काम किती दिवस, राहायचं कुठं आणि पैसे केव्हा, या चार प्रश्नांची उत्तरं मजुराला गाडीत चढण्याआधी मिळावीत, आणि उत्तर खोटं निघालं तर परतीचं भाडं त्याच्या गाठीला असावं. येत्या दिवाळीपासून नारायणगावात आणि आमच्या ग्रामसभेत एवढं सुरू करता येईल. त्यानंतर जायचं की राहायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.